काचेच्या तारेतली द्वारकाकाकू

पहाटेच्या घरघरीवर तरंगत येणारा द्वारकाकाकूंचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी तेव्हा परकर नेसायची. सणसर गावाच्या अलीकडं, कालव्याच्या काठाला आमची उंबरवस्ती. काकूंचं घर आणि आमचं घर यांच्या मधे एक शेवगा तेवढा होता. जात्यात जोंधळा पडायचा, खुंट्याला हात लागायचा आणि काकू गायच्या :

तीन तोंडाचा गं देव, उंबराच्या सावलीला
त्याचं नाव न्हाय घेत, कुकू जपते कपाळाला

"काकू, तीन तोंडाचा देव म्हणजे कोण?" मी मुद्दाम विचारायची.

"हाय की तुमच्या कॅलेंडरवर. शाळंत जाती न्हवं? वाच तूच."

कारण काकूंच्या नवऱ्याचं नाव दत्तोबा. त्या नावाच्या वाऱ्याला उभा राहील असा एक शब्द काकूंच्या ओठांवर कधी आला नाही. दत्तजयंतीला त्या 'उंबराखालचा सण' म्हणायच्या. गावात कुणी दत्तक घेतलेल्या पोराला 'मांडीवरचा'. रेशनच्या दुकानात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं, की शेजारी उभ्या असलेल्या नणंदेला कोपर मारायच्या, "वन्सं, सांगा की." आणि सिंधुबाई खणखणीत आवाजात सांगायच्या, "दत्तोबा! लिव्हा!" काकूंच्या लग्नातला उखाणासुद्धा म्हणे सिंधुबाईंनीच घेतला. नवरी पदर तोंडात धरून उभी होती.

सिंधुबाई तरुणपणीच विधवा होऊन भावाच्या घरी आल्या आणि तिथंच राहिल्या. काकूंच्या तोंडाला जे बोलवत नव्हतं, ते सिंधुबाई बोलायच्या. त्याच सिंधुबाईंच्या तोंडावर काकूंच्या पोटच्या पोरानं लाथ घातली, ज्याला त्यांनीच न्हाऊमाखू घातलं होतं त्यानं. ती लाथ का घातली, ते सांगते.

गेल्या उन्हाळ्यात कालव्याला आवर्तन सुटलं होतं, पाणी काठोकाठ. धुणं धुताना काकूंचा पाय शेवाळावरून घसरला. मुलगा राजवर्धन उसातून धावत आला, उडी मारून त्यानंच आईला बाहेर काढलं, पण काकू संपल्या होत्या. तेव्हापासून राजवर्धनचा डोळा लागत नव्हता. घरात काहीतरी आवाज असावा म्हणून त्यानं भिंतीएवढा टी.व्ही. आणला, ब्रॉडबँड घेतलं. छतावरची डिशची छत्री निघाली आणि फायबरची, म्हणजे काचेची बारीक तार घरात आली. ती तार ओढायला आलेल्या नागेशनं घरातलं दुःख बघितलं, आणि आपल्या गुरूला कळवलं.

गुरूचं नाव प्रकाशनाथ महाराज. पांढरी जीप, पांढरा झब्बा, गॉगलही पांढऱ्या काड्यांचा.

त्या संध्याकाळी दत्तोबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. टी.व्ही. ओसरीत आणून मांडला होता. त्याला हार घातला होता, रिमोटला हळदीकुंकू वाहिलं होतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, म्हणून मुद्दामच पुढं जाऊन बसले आणि महाराजांचं सगळं बोलणं फोनवर टिपायला लागले.

"मंडळी, छतावरची छत्री पावसात बंद का पडायची?" महाराजांनी सुरुवात केली.

"पानी शिरायचं आत," शेजारची बानूबाई म्हणाली.

"चूक! आत्मा भिजायचा! बिचारा छतावर उतरायचा आणि गारठून माघारी जायचा. आता काय आलं? काचेची तार. तारेतून काय वाहतं? उजेड! आत्मा म्हणजे काय?"

"उजेड!" गर्दी ओरडली.

"मग आत्मा येणार कुठून?"

"तारेतनं!"

"आणि जुन्या नेटसारखा अडकत अडकत नाही हो. शंभर एमबीपीएसचा आत्मा! एकदम क्लिअर!"

पडदा काळा झाला. मधोमध एक ज्योत थरथरली. आणि त्या ज्योतीतून द्वारकाकाकू बोलल्या.

"राजा, बाळा, जेवलास का?"

तोच आवाज. जरासा घोगरा, शब्दाच्या शेवटी हेल काढणारा. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? राजवर्धन गुडघ्यांवर कोसळला आणि टी.व्ही.च्या काचेला त्यानं कपाळ टेकवलं. बायका रडू लागल्या. मग आवाज पुन्हा आला.

"दत्तोबा, मी आले."

खांबाला टेकून बसलेल्या दत्तोबांनी झटकन मान वर केली. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. तात्यांचे ओठ हलले. मग त्यांनी मान खाली घातली आणि दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ते बसून राहिले.

राजवर्धन रडत रडत विचारत होता आणि ज्योत उत्तरं देत होती. प्रत्येक उत्तराआधी बरंच थांबावं लागायचं. "लांबून यायचंय त्यांना," महाराज म्हणायचे. आवाजाच्या पाठीमागं मात्र एक बारीक घरघर सतत चालू होती.

"ही घरघर कसली वो म्हाराज?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"स्वर्गातल्या रथाची चाकं!"

तेवढ्यात सैपाकघराच्या दारातून सिंधुबाई मोठ्यानं हसल्या. "रथ कसला, जातं हाय त्ये! आन् कालच ह्या टी.व्ही.वर मी कुस्ती बघितली. पैलवान बी काय स्वर्गातनं आलं व्हतं?"

गर्दीत खसखस पिकली. ते हसू महाराजांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी गॉगल काढला, सिंधुबाईंकडं नीट बघून घेतलं आणि पुन्हा घातला.

मी घरी आले आणि काकूंची जुनी रेकॉर्डिंग काढली. काकूंच्या ओव्या हरवू नयेत म्हणून मीच त्या फोनवर टिपून इंटरनेटवर टाकल्या होत्या, जात्याच्या घरघरीसकट. आता आवाजाची नक्कल करणारी ॲप कुणालाही मिळतात. त्यातलं एक मी उतरवून घेतलं, त्याला ओव्या ऐकवल्या आणि एक ओळ टाइप केली. माझ्या खोलीत काकू बोलल्या. पाठीमागं तीच घरघर. मी घाबरून फोन उलटा ठेवला.

महाराजांचं टिपलेलं प्रवचनही मी त्याच ॲपला दिलं, त्यांच्या आवाजात चार वाक्यं बोलवून घेतली आणि तसलीच ज्योत त्याला जोडली. उद्या शाळा सुटली की आधी तात्यांना आणि राजवर्धनला शांतपणे दाखवायचं, मग महाराजांसमोर सगळ्यांना, असं ठरवलं.

उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या पुलावर आले तेव्हाच ओरडा कानावर आला. बानूबाई पळत सामोरी आली. "द्वारका बोलली गं! म्हनली, 'दत्तोबा, माझा पाय घसरला न्हाय. तुमच्या बहिणीनं करणी केली. तिला पाण्यात सोडल्याबिगर मला सुटका न्हाय.' आता सिंधीला कालव्यात टाकत्यात!"

मी पोलिसांना फोन लावला आणि धावत सुटले. अंगणाबाहेर पांढऱ्या जीपमध्ये नागेश फोनवर वाकून बसलेला दिसला.

अंगणात सिंधुबाई पडल्या होत्या. कोयत्यानं कापलेला त्यांचा पांढरा शेपटा तुळशीच्या बुडाशी पडला होता आणि केसांबरोबर टाळूची कातडीही सोलली होती. शेजारची माणसं हिरव्या उसानं त्यांना झोडपत होती. ऊस पाठीवर मोडायचा, की दुसरा उपसायचा. चिपाडं उडत होती. उसाचा रस आणि रक्त एकमेकांत मिसळून अंगणाच्या उताराला लागलं होतं आणि त्याला मुंग्याही लागल्या होत्या. डावा हात कोपरातून भलतीकडंच वळला होता. त्या उठू बघत होत्या, तेवढ्यात राजवर्धननं त्यांच्या तोंडावर लाथ घातली. सिंधुबाईंनी ओंजळीत दोन दात थुंकले आणि त्या दातांकडं बघतच राहिल्या.

"राजा," त्या बोबड्या तोंडानं म्हणाल्या, "तुला गोवर आला तवा मी तुला खांद्यावरनं उतरिवला न्हवता रं."

"गप! आयला खाल्लीस माझ्या!"

कुणी कमरेला दावं बांधत होतं, कुणी मोबाइलवर चित्रण करत होतं. "जिथं द्वारका गेली, तिथंच सोडा!" टी.व्ही.वर ज्योत जळतच होती, शेजारी महाराज उभे होते. खांबापाशी तात्या बसले होते. डोळे मिटलेले, हात मांडीत.

मी मधे घुसले. एक ऊस माझ्या मानेवर बसला. फोन मात्र मी सोडला नाही. या घरचं वायफाय माझ्या फोनला जोडलेलं होतं, कारण दिवाळीच्या सुट्टीत राजवर्धननंच शाळेच्या मुलींना ग्रहणाचा माहितीपट याच पडद्यावर दाखवू दिला होता. मी बोट फिरवून माझा फोन त्या पडद्यावर लावला.

पडदा काळा झाला. मधोमध ज्योत थरथरली. आणि त्या ज्योतीतून आवाज आला तो महाराजांचा.

"मंडळी, मी प्रकाशनाथ. मी मेलो नाही. मी इथंच तुमच्यासमोर उभा आहे, माझे ओठही हलत नाहीत, तरी मी तारेतून बोलतोय. मग तारेतून बोलणाऱ्या त्या द्वारकाबाईच, हे कशावरून?"

उगारलेले ऊस हवेत थांबले. सगळ्यांनी महाराजांच्या तोंडाकडं बघितलं. महाराजांनी नकळत स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"हे मी केलंय," मी ओरडले. "काल ह्यांचं बोलणं टिपलं आणि ॲपला दिलं. आपण लिहायचं, ते ह्यांच्या आवाजात बोलतं. काकूंच्या ओव्या मी इंटरनेटवर टाकल्यात, त्या ह्यांनी तशाच उचलल्या. ती घरघर जात्याची आहे, सिंधुआत्या खरं बोलली! जीपमध्ये नागेश बसलाय. तो लिहीपर्यंत आत्म्याला थांबावं लागतं. जा, त्याच्या फोनमध्ये बघा!"

दोघं-तिघं जीपकडं वळले. तेवढ्यात महाराज किंचाळले, "ही बाईसुद्धा चेटकीण आहे! तिनं तार बाटवली!" आणि कुठूनसा दगड आला. कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. पुढचं सगळं मी लाल पडद्याआडून बघितलं.

"आवाज आयचाच हाय!" राजवर्धननं कोयता उचलला. "तुमचं ॲप घाला चुलीत. मी माझ्या आयचा आवाज वळखत न्हाय व्हय?"

दाव्याला हिसका बसला. सिंधुबाई फरफटत दोन हात पुढं गेल्या. अंगणातल्या रक्तात एक लांब ओरखडा उमटला.

पुढं जे झालं ते आधीच सांगून टाकते. पोलीस आले. नागेशच्या फोनमध्ये काकूंचा आवाज सापडला, आणि त्यानं टाइप केलेली एकूण एक वाक्यंही. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, महाराज गॉगलसकट जीपमधून उतरवले गेले. ऊस मारणारेही सुटले नाहीत, आणि त्यात राजवर्धनही होता. आता मी वर्गात मुलांना सांगते, की बाळांनो, यंत्र देवही नाही आणि भूतही नाही, त्याच्यामागं माणूस असतो. ओळखीचा आवाज आला, ओळखीचं तोंड दिसलं, तरी आधी विचारा, हे आलं कुठून? याला बोलायला कुणी लावलं? आणि जो आवाज तुम्हाला दुसऱ्याच्या अंगावर हात टाकायला सांगतो, त्याला तर हजारदा विचारा. विचारण्यानं मेलेल्यांचा अपमान होत नाही. न विचारल्यानं जिवंत माणसं मरतात.

पण खरं सांगते, त्या संध्याकाळी माझ्या विज्ञानानं कोयता हातातून सुटला नाही. यंत्र मी उघडं केलं होतं, पण आईच्या आवाजाला आसुसलेल्या पोराच्या कानापर्यंत ते पोचत नव्हतं. तो कोयता सुटला तात्यांमुळं.

खांबाचा आधार घेत तात्या उठले. गर्दीतून वाट काढत आले आणि दाव्यावर पाय देऊन उभे राहिले.

"राजा, कोयता ठिव खाली. ती तुझी आय न्हवं."

"तात्या, आवाज..."

"आवाज तिचा हाय. बोलनं तिचं न्हाय." तात्यांनी पडद्याकडं हात केला. "ती पेटी मला दत्तोबा म्हनली. तुझ्या आयनं जल्मात माझं नाव घेतलं न्हाय. उंबराखालच्या देवाचं बी घेतलं न्हाय. लग्नात उखाना घ्यायची येळ आली, तर ह्या सिंधीनं घेतला तिच्या वतीनं. जित्तेपनी जिनं नाव घेतलं न्हाय, ती मरून घेती व्हय?"

कोयता राजवर्धनच्या हातातून गळून पडला. दगडावर आपटून त्याचा आवाज झाला.

"तात्या... मंग तुमाला कालच कळलं व्हतं?"

तात्या खाली बसले. त्यांनी बहिणीचं फुटलेलं डोकं मांडीवर घेतलं. धोतराचा सोगा रक्तानं भिजत गेला.

"व्हय. पयल्याच हाकंला कळलं." ते सिंधुबाईंच्याच कानाशी बोलत होते, पण सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. "सारा जलम वाट बघितली सिंधे, तिच्या तोंडनं एकदा माझं नाव ऐकायची. खोटं हाय म्हाईत व्हतं. तरी वाटलं, अजून एकदा हाक मारंल. म्हनून गप बसलो... आन् तुला मार खाऊ दिला."