चोरोबायच्या घरचा आकडा

कोकसाय नदी सकाळी गरीब असते. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळायला लागतो आणि ते पाणी गावापर्यंत पोचेतो दिवस कलतो. म्हणून आमच्या कोशकारागायमध्ये नदीची भीती सकाळी कुणाला वाटत नाही. त्या दिवशी मात्र न्याहारीच्या वेळीच पहिल्या घरामागची दरड धाडकन पाण्यात गेली. मागची भिंत आणि नदी यांच्यामध्ये बैलगाडी जाईल एवढीही जागा उरली नाही.

पहिलं घर म्हणजे आम्हा दुंगान लोकांचं, चीनमधून आलेल्या मुसलमानांचं, या गावातलं पहिलं घर. लढाईत सगळं गमावून अकरा कुटुंबं भर हिवाळ्यात घाट ओलांडून आली आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ते बांधलं. नंतर मशीद झाली, रशियनांचं देऊळ झालं, तातार व्यापाऱ्याची निळ्या खिडक्यांची माडी झाली. पण आमच्यातल्या लग्नाची वरात अजूनही आधी त्या घराला वळसा घालते आणि मगच नवरीच्या दारी जाते.

त्या घरात एक खिळा नाही. बाहेरचे पाहुणे आले की आम्ही छाती पुढे काढून सांगतो, बघा आमच्या सुतारांची करामत. करामत होतीच, पण खिळे न ठोकण्याचं कारण वेगळं होतं. त्या लोकांना परत जायचं होतं. घर खोलायचं, घोड्यांवर लादायचं आणि घाटापलीकडे आपल्या गावी नेऊन पुन्हा उभं करायचं, असा त्यांचा बेत होता. माझा पणजोबा माशिर याने प्रत्येक तुळईवर त्यासाठी खुणा कोरून ठेवल्या होत्या.

सगळ्या घराचं कुलूप म्हणजे आढ्याच्या पोटात दडलेली एक खुंटी. ती निघाल्याशिवाय बाकी काही हलत नाही. ती काढायला हातभर लांब, टोकाला दोनदा वळवलेला लोखंडी आकडा लागतो. तो आकडा माशिरने स्वतःजवळ ठेवला नाही. ज्या किरगीज माणसाने त्यांना बर्फातून ओढून काढलं आणि हिवाळाभर आपल्या राहुटीत सांभाळलं, त्या चोरोबायच्या हाती दिला. म्हणाला, "ज्या दिवशी जायचं त्या दिवशी तुमच्याकडे निरोप मागू आणि आकडा नेऊ. यजमानाला न सांगता जाणार नाही."

चोरोबायने त्याला राहुटीत दारासमोरच्या मानाच्या जागेवर, तोरवर बसायला सांगितलं होतं. माशिर दाराशीच बसला. "जाणाऱ्या माणसानं दाराशी बसावं," म्हणाला. तेव्हापासून चोरोबायच्या घरी गेलं की आमचा माणूस दाराशी बसतो. माझे आजोबा तसेच बसले, वडील तसेच बसले, मीही तसाच बसत आलो. आमच्यात याला अदब म्हणतात.

"काका, एवढा विचार कसला करताय?" माझा पुतण्या दाउर यांत्रिक करवत घेऊनच आला होता. "आढ्याला दोन काप मारले की सगळं मोकळं. संध्याकाळचं पाणी येईपर्यंत लाकूड रस्त्यावर."

"आणि पुन्हा जोडायचं कशानं?"

"खिळ्यांनी. जग जोडतं तसं."

घराभोवती जमलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. माशिरच्या वंशात आता मीच वडीलधारा. आढं कापलं की त्या घराचं सरपण होतं, नंतर कितीही खिळे मारा. आणि कापलं नाही तर संध्याकाळी ते नदीचं होतं. आकडा वर कुरणात शार्शेनबायच्या राहुटीत टांगलेला होता. शार्शेनबाय चोरोबायचा पणतू. आणि त्याच्या घराशी आमचं बोलणं वर्षभर बंद होतं.

मागच्या उन्हाळ्यात पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दाउर आणि शार्शेनबायचा मुलगा बाकीत यांची जुंपली. नाकातून रक्त आलं, इतकंच. पण दाउर भांडणात ओरडला होता, "तुमच्या मेहेरबानीवर जगत नाही आम्ही! आकडा द्या, घर उचलतो आणि जातो!" ते शार्शेनबायने पाटाच्या बांधावर उभं राहून ऐकलं. त्यानंतर तो आमच्या लग्नांना आला नाही, आम्ही त्याच्या मेजवान्यांना गेलो नाही.

"मी वर जाऊन येतो," मी म्हणालो. "तोवर करवत चालू करायची नाही."

"तो म्हातारा देणार नाही."

"मागितल्याशिवाय कसं कळणार?"

"आणि नदी तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

"नदी नाही थांबणार. तू थांब."

दाउरने आभाळाकडे बघितलं. "ऊन मशिदीच्या छपरामागं गेलं की मी कापणार, काका. मग मला दोष देऊ नका."

मी घोड्यावर बसलो. चढणीवरून मागे वळून बघितलं तेव्हा पाण्याचा रंग दुधी चहासारखा झाला होता. म्हणजे वर बर्फ चांगलाच सुटला होता.

राहुटीबाहेर शार्शेनबायची बायको बुरमाकान घोडीचं दूध काढत होती. मला बघून तिने चरवी खाली ठेवली.

"आलास? मला वाटलं नदीनं गिळलं तुम्हाला."

"गिळणार होती, वहिनी. आम्हा दुंगानांच्या लसणाचा वास आला आणि तोंड फिरवलं तिनं."

ती हसली नाही, पण दारावरचा लोकरीचा नमदा वर करून धरला. शार्शेनबाय आत चुलीपाशी दावं विणत होता. मी सलाम केला आणि नेहमीच्या जागी, दाराशी बसलो. आकडा समोर राहुटीच्या लाकडी जाळीवर लटकत होता. चरबी चोळून काळाभोर ठेवलेला.

बुरमाकानने वाटीत चहा ओतला. काठोकाठ. आमच्या मुलखात हवाहवासा पाहुणा असला तर वाटीत घोटभरच ओततात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो आणि बसून राहतो. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पी आणि चालता हो. वाटी माझ्यापुढे ठेवून ती पुन्हा धार काढायला बाहेर गेली.

"शाके," मी शार्शेनबायला नेहमीच्या आदराच्या नावाने म्हणालो, "आकडा न्यायला आलोय."

त्याने दाव्यावरची नजर काढली नाही. "आकडा शब्दावर मिळतो. शब्द माहीत आहे तुला."

माहीत होता. लहानपणी घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घेतलेला. पण माझ्या बापाने तो कधी उच्चारला नव्हता, त्याच्या बापानेही नाही.

"हिवाळा संपला," मी म्हणालो. "आम्हाला निरोप द्या."

बाहेर चरवीतली धार थांबली. खालून नदीत दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता.

"नाही," तो म्हणाला.

"शाके, घर चाललंय पाण्यात."

"ऐकू येतंय मला. बहिरा नाही. पण पूर चढत असताना माझ्या आज्यानं कुत्र्यालाही दाराबाहेर काढलं नाही. पाहुण्याला कसा निरोप देऊ? पाणी उतरलं की ये."

"पाणी उतरेपर्यंत घर खाली कझाकांच्या अंगणात पोचलेलं असेल."

"त्याला मी काय करू?"

"अहो, आम्ही कुठं चाललोय? आम्हाला नुसतं लाकूड वाचवायचंय."

तेव्हा त्याने मान वर केली. "म्हणजे जाणार नाहीस? मग निरोप कशाला मागितलास? माझ्या चुलीपाशी बसून खोटं बोललास?"

मी अडकलो. जाणार म्हटलं तर पुरात निरोप नाही. जाणार नाही म्हटलं तर आकड्यावर हक्क नाही. नमद्याच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी चुलीवरून सरकून त्याच्या गुडघ्यावर गेली होती. खाली दाउर त्याच उन्हाकडे बघत उभा असणार.

"दाउरच्या बोलण्याचा राग धरलाय तुम्ही," मी म्हणालो. "पोर मूर्ख आहे ते."

"मूर्ख खरं बोलतं. शहाणे पोटात ठेवतात." त्याने दावं बाजूला फेकलं. "माझ्या लग्नात तुझा बाप कुठं बसला होता?"

"दाराशी."

"माझ्या बापाच्या मयताला?"

"दाराशीच. ती आमची अदब आहे, शाके."

"अदब!" तो गुडघ्यावर हात टेकून पुढे वाकला. "माझी आई दर वेळी तोरवर नवी गादी घालायची. दर वेळी म्हणायची, आज तरी बसतील. आणि तुम्ही आपले दाराशी, जोडे हाताला लागतील असे! चार पिढ्या आमच्या हातचं मटण खाताय आणि एक पाय बाहेर. आम्ही काय समजायचं? माझा बाप मरताना म्हणाला, हे लोक जाणार बघ कधीतरी. आकड्याला गंज चढू देऊ नकोस, पाहुण्याचा खोळंबा नको."

दाराशी आम्ही नम्रतेने बसतो असं आम्हाला वाटायचं. आमची मुलं त्याच जागेवर बसायला शिकली. आणि इकडे दर खेपेला एक गादी रिकामी राहत होती.

खाली काहीतरी मोठं कोसळलं. राहुटीतल्या वाट्या किणकिणल्या.

मी उठलो. चुलीला उजवीकडून वळसा घातला आणि तोरवर जाऊन बसलो.

यजमानाने सांगितल्याशिवाय, आणि तोही आपल्याहून वडील असताना, त्या जागेवर बसणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखं. आमच्या गावात एवढ्यावरून सोयरिकी मोडल्या आहेत. बुरमाकान आत येत होती, ती चरवी हातात धरून तशीच उभी राहिली. शार्शेनबायचा चेहरा लाल झाला, मग ती लाली हळूहळू उतरली.

"ही जागा कुणी दिली तुला?"

"कुणी नाही. मीच घेतली." "जाणारा दाराशी बसतो. मी इथं बसलोय. निरोप मागितला तो परत घेतो, शाके. मला निरोप नको, जागा हवी. घर वर आणायचंय. तुमच्या कुरणात."

उन्हाची पट्टी त्याच्या गुडघ्यावरून जमिनीवर उतरली.

"गवत कापायचं राहिलंय तिथलं," तो शेवटी म्हणाला.

"कापू आम्ही."

"तू नाही. तुझा तो दाउर कापेल. हातातल्या विळ्यानं. यंत्र आणलं तर हाकलून देईन."

बुरमाकानने माझी वाटी उचलली, चहा दाराबाहेर फेकला आणि तळाला घोटभर नवा ओतला. "हा पी," ती म्हणाली, "आणि निघा दोघं. माझ्या दारात बसून काय नदी थांबणार आहे?"

एकाच घोड्यावर आम्ही दोघं बसलो. आकडा शार्शेनबायने छातीशी धरला होता. अर्धा उतार झाला आणि ऊन मशिदीच्या छपरामागे गेलं. लगेच करवतीचा आवाज सुरू झाला. शार्शेनबायने घोड्याला असा चाबूक मारला की मी मागच्या मागे पडणार होतो.

दाउर शिडीवर होता. करवत आढ्याला लागलेली, भुसा उडत होता. मी ओरडलो, पण करवतीपुढे माझं कोण ऐकणार! शार्शेनबायने घोडा थेट अंगणात घातला आणि आकड्याने शिडीवर टणकन ठोकलं. दाउरने खाली बघितलं. आकडा बघितला, मग तो हातात धरणारा माणूस बघितला. त्याने करवत बंद केली.

"ऊन गेलं होतं, काका," तो पुटपुटला.

"उतर खाली," शार्शेनबाय म्हणाला, आणि त्या वयात स्वतः शिडी चढला. त्याच्या घरात तो आकडा आजवर कुणी वापरला नव्हता. पण आधी आत ढकल, अर्धा फिरव, मग ओढ, एवढं प्रत्येक मुलाला शिकवलेलं. त्याने ढकललं, फिरवलं, ओढलं. काही झालं नाही. मागच्या भिंतीखालची माती पाण्यात पडत असल्याचं ऐकू येत होतं. त्याने पुन्हा ढकललं, या वेळी अंगाचा सगळा भार घालून. आत काहीतरी खट् झालं. खुंटी बाहेर आली ती कालच तासल्यासारखी पांढरी होती.

मग घर जे सुटायला लागलं! जुन्या माणसांनी ठरवलं होतं तसंच. एक तुळई काढली की दुसरी हातात येत होती. शार्शेनबायची मुलं ट्रक घेऊन आली. आमची माणसं आणि त्यांची माणसं एका रांगेत उभी राहून लाकडं पुढे देत होती. कोण कुणाशी वर्षभर बोललं नव्हतं ते बघायला सवड नव्हती.

शेवटी दाराची चौकट राहिली. दाउर ती सोडवायला पुढे गेला आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. चौकट, उंबरा आणि अर्धं अंगण नदीत गेलं. दाउर काठावर पोटावर पडला, पाय पाण्यावर लोंबकळत. बाकीतने झेप घेऊन त्याची कॉलर पकडली.

"मरतोस कुठं?" तो दात आवळून म्हणाला. "पाटाच्या पाळीचा हिशेब राहिलाय अजून!"

"सोड तर खरं, मग बघतो तुला," दाउर म्हणाला. पण त्याने बाकीतचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

अंधार पडायच्या आत लाकूड कुरणात पोचलं. गवत आधीच तुडवलं गेलं होतं, तरी उरलेलं दाउरने दुसऱ्या दिवसापासून विळ्याने कापलं. शार्शेनबाय बांधावर बसून चुका काढत होता.

थंडी पडायच्या सुमाराला घर उभं राहिलं. आढ्यावर करवतीची बोटभर खाच तशीच आहे. दार तेवढं नवं करावं लागलं. खुंटी शार्शेनबायनेच बसवली. मग आकड्याला चरबी चोळली, फडक्यात गुंडाळला आणि काखेत धरला.

"आता कशाला नेताय, बाबा?" दाउरने विचारलं. "आम्ही आलो ना वर."

"नदीचा काय भरवसा? उद्या इकडंही तोंड वळवेल." शार्शेनबाय नव्या उंबऱ्यावर थांबला आणि माझ्याकडे वळला. "लागला तर मागायला या. पण दाराशी बसून मागितलात तर देणार नाही."