दक्षिण बाजू, वरची फांदी

गुन्वोरने टेबलावरचं मेणकापड तिसऱ्यांदा पुसलं, ते कोरडं झाल्याची पालथ्या हाताने खात्री केली आणि कॉफीचे दोन्ही कप उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. मगच तिने मानेने खूण केली. तुवाने पुठ्ठ्यांची दोरी सोडून तीन जाड कागद एकाशेजारी एक मांडले. प्रत्येकावर गिंकोचं एक पान होतं, लहानशा पंख्यासारखं, वाळून मधाच्या रंगाला आलेलं.

"तुम्हाला नीट दिसतंय ना?" तुवाने विचारलं.

"दुकानातल्या पोरींसारखं तुम्ही-तुम्ही करू नकोस गं. ते आम्ही तरुण होतो तेव्हाच बंद केलं. अठ्ठ्याऐंशीची असले तरी मी नुसती गुन्वोरच आहे." तिने खुर्ची पुढे ओढली. "आणि जरा हळू बोल. तुमची उत्तरेकडची उप्सालाची बोली माझ्या कानात शिरेपर्यंत वाक्य संपलेलं असतं."

तुवा हसली. लुंडच्या विद्यापीठातून बसने येताना वाक्यं कशी जुळवायची याचा तिने बराच विचार केला होता. त्यातलं पहिलं वाक्य आता तिला आठवेना.

पानं या गावातल्या शाळेच्या अंगणातल्या झाडाची होती. गुन्वोरचा नवरा सिगवर्द त्या शाळेत मास्तर होता. १९५१ पासून दर वर्षी पंधरा ऑगस्टला तो शिडी लावून झाडावर चढायचा आणि एक पान तोडून, दाबून, कागदावर डकवून ठेवायचा. चव्वेचाळीस वर्षांत एकही ऑगस्ट चुकला नव्हता. तो गेल्यावर गुन्वोरने सगळे कागद लुंडच्या वनस्पतिसंग्रहाला देऊन टाकले होते. तिथल्या कपाटात ते पडून राहिले, आणि तीन वर्षांपूर्वी पीएचडीसाठी आलेल्या तुवाने ते उघडले.

"फोनवर तू म्हणालीस, मोजतेस. काय मोजतेस?"

"पानाच्या खालच्या बाजूची भोकं. पान त्यांतून हवा घेतं. हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असला की पानाचं थोड्या भोकांत भागतं. कमी असला की जास्त भोकं लागतात." तुवाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. घरांच्या मागे कोळशाच्या जुन्या खाणीचा मुरमाचा डोंगर दिसत होता, त्यावर आता बर्चची झाडं उगवली होती. "खाणीतून दगडात उमटलेली पानं निघायची ना?"

"मला विचारतेस? माझा बाप खाणीतून घरी आणायचा त्या डब्यात कोळसा कमी आणि पानं जास्त असायची. आई ओरडायची, चूल काय पानांवर पेटवू?"

"तीसुद्धा गिंकोचीच. वीस कोटी वर्षांपूर्वीची. त्यांचीही भोकं मोजता येतात. पण शंभर भोकं म्हणजे हवेत किती कार्बन, हे दगड सांगत नाही. त्यासाठी असं झाड लागतं, की ज्याचं पान कोणत्या वर्षी, कुठून तोडलं ते पक्कं माहीत आहे. सिगवर्दचं झाड ही माझी मोजपट्टी आहे."

गुन्वोरची पाठ थोडी ताठ झाली.

"वर्षागणिक भोकं थोडी थोडी कमी होत जातात. इतकी सुरेख रेषा येते, की माझा गाइड हेनिंग म्हणाला, हा मास्तर आपल्यापेक्षा शिस्तीचा." तुवाने डावीकडच्या कागदाला बोट लावलं. "सदुसष्ट सालचं पान. एका चौरस मिलिमीटरमध्ये एकशे बारा." मग उजवीकडच्या. "एकोणसत्तर. एकशे अकरा."

"आणि मधलं?"

"अडुसष्ट. फक्त चौऱ्याहत्तर."

गुन्वोरने चष्म्याची काडी कानामागे नीट बसवली.

"म्हणजे त्या एका उन्हाळ्यात हवेतला कार्बन प्रचंड वाढला आणि पुढच्या वर्षी निमूट जागेवर आला, असं मानावं लागेल," तुवा म्हणाली.

"अडुसष्टमध्ये बरंच काही झालं. पण हे झालं असतं तर सिगवर्दने वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं असतं."

या वेळी तुवा हसली नाही. तिने भिंग काढून टेबलावर ठेवलं, पण उघडलं नाही. "उन्हातल्या पानाच्या पेशींच्या कडा सरळ असतात. सावलीतल्या पानाच्या नागमोडी असतात. या पानाच्या नागमोडी आहेत. सावलीत पान पसरतं, त्यामुळे भोकंही लांब लांब जातात." ती थांबली. "लेबलावर लिहिलंय: दक्षिण बाजू, वरची फांदी, भर ऊन. तसं नाहीये ते."

लेबल सिगवर्दच्या बारीक, उभ्या अक्षरात होतं. फक्त '१५' हा आकडा वेगळ्या शाईत होता आणि त्यातला '१' जरा उजवीकडे झुकलेला होता.

गुन्वोरने वेलदोड्याचा पाव हातात घेतला, त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्ही परत ताटलीत ठेवले.

"हा हेनिंग काय म्हणतो?"

"म्हणतो, एक लेबल खोटं निघालं तर बाकीच्या त्रेचाळीसांवर विश्वास कसा ठेवायचा? सगळेच बाजूला ठेव म्हणतो."

"तुझी तीन वर्षं?"

"तीही."

"आणि सिगवर्द खोटारडा."

"तसं कुणी म्हटलेलं नाही."

"म्हणायला कशाला हवं? कपाट बंद केलं की झालं." गुन्वोर उठली, खिडकीपाशी गेली, कप उचलला आणि थंड कॉफीचा एक घोट घेतला. ती पाठमोरीच राहिली. बोलू लागली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"जुलैमध्ये चेरी काढताना तो त्याच शिडीवरून पडला. खुबा मोडला. नऊ आठवडे हेल्सिंगबोरीच्या इस्पितळात होता. दुखत असायचं, पण मी भेटायला गेले की एकच पालुपद. पंधरा ऑगस्ट, गुन्वोर. दक्षिण बाजू, गुन्वोर. वरची फांदी. लेबल त्याने आधीच लिहून ठेवलेलं असायचं, वर्षाच्या सुरुवातीलाच. फक्त तारीख भरायची." ती वळली. "मला सातवा महिना होता. माझी मुलगी मारित पोटात. शिडी झाडाला लावली, दोन पायऱ्या चढले आणि खाली बघितलं. माझ्यानं होईना. मग खाली उतरले आणि उत्तरेकडच्या फांदीचं, हाताला येईल ते पान ओढून घेतलं. वहीत दाबलं. तारीख भरली. त्याला सांगितलं, झालं तुझं काम."

"मग?"

"मग काय! खूश झाला. म्हणाला, तुझ्यासारखी बाई लाखात एक." तिने नाक वर ओढलं. "सव्वीस वर्षं जगला त्यानंतर. दर ऑगस्टला तो शिडीवर आणि मी खाली शिडी धरून. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. पण त्या माणसाला पाटीवरची रेघ वाकडी आली तरी झोप लागायची नाही. बरं झालं, त्याला कधी कळलं नाही."

तुवाने मधला कागद उजेडाकडे सरकवला. 

"गुन्वोर, इकडे ये जरा. हे पान आणि शेजारचं पान बघ. भिंग नको, नुसतं बघ."

गुन्वोर टेबलावर वाकली. शेजारचं पान आटोपशीर, जाडसर होतं. मधलं त्याच्या दीडपट रुंद होतं, आणि इतकं पातळ की खालच्या कागदाचे धागे त्यातून दिसत होते.

"सतरा वर्षं त्याने याच झाडाचं वरचं पान हातात घेतलं होतं," तुवा हळूच म्हणाली. "हे डकवलं कुणी?"

"त्यानेच. डकवायला मला कधी हात लावू दिला नाही. घरी आल्यावर, पुढे नोव्हेंबरात. कुबड्या त्या तिथे टेकवल्या होत्या, मारित टोपलीत, आणि हा इथं बसून..."

ती थांबली. तिचं बोट पानाच्या कडेपाशी गेलं, पण टेकलं नाही. बाकीच्या पानांवर चिकटपट्टीचे दोन-दोन रुंद तुकडे होते, देठावर एक आणि मधोमध एक. या पानावर कागदाच्या सात पट्ट्या होत्या, गवताच्या पात्याइतक्या अरुंद. पातळ पान फाटू नये म्हणून त्या कडेकडेने लावल्या होत्या.

गुन्वोरने ओठ न हलवता त्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"लेबल बदलायला किती वेळ लागला असता त्याला?" तिने विचारलं.

"एक मिनिट."

"एक मिनिटसुद्धा नाही." ती खुर्चीत बसली आणि टेबलाच्या कडेला धरून राहिली. "लबाड. अस्सल लबाड माणूस." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "आणि मी दर ऑगस्टला खाली शिडी धरून मेल्याहून मेल्यासारखी!"

 तुवाने पिशवीतून लहान कागदी चिठ्ठ्यांची गड्डी आणि काळ्या शाईचं पेन काढलं.

"आमच्याकडे जुनं लेबल कधी खोडत नाहीत," ती म्हणाली. "फाडत नाहीत, झाकतही नाहीत. दुरुस्ती असेल तर ज्याला माहीत आहे त्याने वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची, खाली नाव आणि तारीख घालायची, आणि ती चिठ्ठी लेबलाशेजारी डकवायची. मग चूक एकाच पानाची राहते. बाकीच्या त्रेचाळीसांना धक्का लागत नाही. हेनिंगलाही तोंड उघडता येणार नाही."

"आणि हे पान? टाकून देणार?"

"छे! माझ्याकडे खाणीतलं एक पान आहे, त्याचीही भोकं अशीच विरळ. आम्ही लिहून बसलोय की तेव्हा हवेत कार्बन एकदम वाढला होता. आता त्याच्या पेशींच्या कडा पुन्हा बघाव्या लागतील. कदाचित ते बिचारं नुसतं सावलीत वाढलं असेल." तुवाने चिठ्ठी पुढे सरकवली. "दगडातल्या पानाला लेबल नसतं. त्याच झाडाचं सावलीतलं पान कसं दिसतं, हे दाखवणारं माझ्याकडे हे एकच आहे."

गुन्वोरने पेन घेतलं. ती सावकाश लिहू लागली, प्रत्येक शब्दानंतर थांबत. उत्तर बाजू. खालची फांदी. सावली. हात पोचला तिथून. मग तोडणाऱ्याचं नाव, स्वतःचं, लग्नाआधीच्या आडनावासकट. आजची तारीख. त्यातला '१' थोडा उजवीकडे झुकला.

तुवाने शाई वाळण्यापुरतं थांबून चिठ्ठीकडे हात नेला. गुन्वोरने ती सोडली नाही.

"अजून जागा आहे," ती म्हणाली, आणि खाली उरलेल्या बोटभर जागेत आणखी एक ओळ लिहिली.

डकवणारा: सिगवर्द. पान पाहून.