रिकाम्या गाडीचे धक्के

हारिबची गाडी वाळूच्या टेकड्या बकरीसारखी चढायची, पण खडबडीत वाट लागली की आतल्या माणसाची हाडं खिळखिळी करायची. ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली गाडी ती, दुसरं काय करणार? त्याची बायको शम्सा हिच्या पाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी धक्के वर्ज्य सांगितले, आणि ती बिदिया गावात लेकीच्या घरीच राहिली. "तुझ्या गाडीचे धक्के थांबेपर्यंत मी काही तळावर यायची नाही," असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं. त्याला आता सात महिने झाले होते.

सात महिने हारिब वाळवंटातल्या तळावर एकटा होता. सोबतीला नऊ उंट. कॉफी तो अजून दोघांची करायचा, आणि उरलेली वाळूत ओतताना स्वतःवरच चिडायचा. एकटेपणाची सवय होते म्हणतात. ज्यांना झाली असेल ते भेटले तर विचारायचं होतं त्याला, की किती दिवसांत होते म्हणून.

गावातल्या पीरबख्श मेकॅनिककडे त्याच्या चकरा सुरू झाल्या. नवे शॉकअप बसले, रबरं बदलली, तरी गाडी आपली उडतच होती. चौथ्या खेपेला पीरबख्शचं डोकं फिरलं.

"म्हातारबा, आता मीच आडवा होऊ का चाकाखाली?" तो हात पुसत म्हणाला. "स्प्रिंगचे पाटे ठणठणीत आहेत. गाडी रिकामी पळवतोस म्हणून उडते. हे पाटे भरल्या गाडीसाठी असतात. मागे कोण कोण बसायचं पूर्वी?"

हारिब बोटांवर मोजायला लागला. "आई. तिन्ही पोरी. मेहुणा. दोन-चार बकऱ्या..."

"तेव्हा बसायचे धक्के?"

"नाही रे."

"मग माझ्या नावाने का शंख करतोस?"

हारिबने बोटं मिटली. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, पोरी आपापल्या घरी नांदत होत्या.

तळावर येऊन त्याने बारा पोती वाळूने भरली. वाळूला तिथे काय तोटा! मागच्या बाकांच्या जागी ती नीट रचली, दोरीने आवळली, शेजारच्या सीटवर उंटिणीच्या दुधाने काठोकाठ भरलेला वाडगा ठेवला आणि पत्र्यासारख्या पन्हाळी पडलेल्या वाटेवरून गाडी हाकली. थेंबभर सांडलं नाही. खाली उतरून त्याने ते दूध घटाघटा पिऊन टाकलं आणि मोठ्याने हसला. ऐकायला कुणी नव्हतं, तरी हसला.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो अंगरख्याला धूप देऊन शम्साला आणायला बिदियाला गेला. लेकीने, गुबैशाने, गाडीत आईच्या पाठीशी उशी लावून दिली. शम्सा दरवाज्यावरची कडी घट्ट धरून बसली. डांबरी रस्ता संपला तसं हारिबने उतरून चारही चाकांतली निम्मी हवा सोडली. चाकं रुतू नयेत म्हणून वाळूत शिरताना सगळेच सोडतात. मग पन्हाळीची वाट सुरू झाली. थोड्या वेळाने शम्साचा हात आपोआप कडीवरून खाली आला.

"काय गं काकाच्या लेकी," हारिब खुशीत म्हणाला. ती त्याच्या सख्ख्या काकाची मुलगी, लहानपणापासून हीच हाक. "हललं का पोटातलं पाणी?"

"नाही हललं."

त्याने वळून पाहिलं तर ती रडत होती. त्याने करकचून ब्रेक लावला.

"पाठ दुखली?"

"दुखली असती तर बरं झालं असतं रे." तिने ओढणीने डोळे पुसले. "तिकडे सकाळी शेजारणी येतात. नळाला पाणी येतं. नातवंडं अंगावर लोळतात. इथे तू दिवसभर उंटांमागे, आणि मी भिंतींशी बोलायची. तीस वर्षं बोलले. तुझ्या तोंडावर सांगवेना, म्हणून गाडीवर ढकललं."

"सात महिने?"

"मला वाटलं तुला कळलं असेल."

"मला वाटलं गाडीच वाईट आहे."



"तू ये की तिकडे राहायला," ती म्हणाली.

"आणि उंट?"

"हो ना. आणि उंट."

तिच्यावर रागवायला हवं होतं, पण त्याला राग येईना.  त्याने गाडी परत बिदियाकडे वळवली.

डांबरी रस्त्याशी पोचल्यावर चाकांत पुन्हा हवा भरणं भाग होतं. त्याने छोटा पंप काढला, बॅटरीला जोडला आणि चाकापाशी उकिडवा बसला. एकेका चाकाला पाच-सहा मिनिटं लागतात. शम्सा मांडीवर गाठोडं घेऊन आतच बसली होती. तीन चाकं झाली. चौथ्याला त्याने पंप तापल्याचं निमित्त करून दोनदा मध्येच बंद केला. आवाज थांबला, की ती आतून काही म्हणालीच तर ऐकू आलं असतं. पण ती काचेतून गावाच्या दिशेला बघत होती.