एकटं खाचर

घोटावड्यात आमच्या भाताच्या खाचराला एका बाजूने भाड्याच्या खोल्या लागल्या आहेत आणि बाकी तिन्ही बाजू पडीक. तरी माझ्या आईने, गोजराबाईने, यंदा रोप टाकलंच. रोप वाढलं, पण लावणीला माणूस नाही. पूर्वी इर्जिक असायची. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या, वर मटणाचं जेवण. आता शेजारीच लावत नाहीत, तर येणार कोण?

मी पुण्यात गणित शिकवते. रविवारी आले ती 'नाद सोड' म्हणून सांगायलाच. पण ऐकेल तर ती गोजराबाई कसली! शेवटी चिडून मी बांधावर खडे मांडले.

"हे बघ. सेल्युलर ऑटोमॅटा म्हणजे हेच. प्रत्येक चौकट शेजार बघून वागते. एका तरी शेजाऱ्यानं लावलं, तर पुढच्या साली आपण लावायचं. कुणीच नाही, तर आपणही नाही."

"व्हय, इर्जिकच की."

"हा नियम विसरभोळा आहे. चौघांनी लावलं काय, तिघांनी लावलं काय, पुढचं साल तेच. आणि नियम विसरभोळा असला, की त्याच्या हातून कधीच न घडणारं एखादं चित्र, म्हणजे हिरव्या-पडीक चौकटींची मांडणी, असतंच. पण त्यासाठी जागा अमेनेबल लागते, म्हणजे शेत वाढवत नेलं की आतल्या जमिनीपुढं बांध किरकोळ ठरतो अशी, या शिवारासारखी. झाडासारखी फांद्या फुटणारी जागा असली, तर तसं चित्र असेलच याची खात्री नाही. तिथं जेवढं आत, तेवढंच कडेला."

"आपल्या भावकीवानी. जो तो कडंला."

मला हसू आलं, पण हेका सुटला नाही. "तुझं खाचर हेच ते न घडणारं चित्र आहे, आई. लांबपर्यंत पडीक आणि मधे एकटं हिरवं. तुझ्या शेजाऱ्यानं गेल्या साली लावलं असतं, तर त्याचं बघून पलीकडच्यांनीही यंदा लावलं असतं. म्हणून एकटं हिरवं येऊच शकत नाही."

तिचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

"कवाच न्हाई?"

"फक्त पहिल्या दिवशी. सुरुवातीलाच कुणी मुद्दाम मांडलं तर."

"मग आज पयला दिवस धर की." तिने लुगडं खोचलं, रोपाची जुडी माझ्या हातात कोंबली आणि चिखलात उतरली. मी चपला काढल्या.

दुपारपर्यंत माझी कंबर मोडली. आम्हा दोघींना आवरणार नाही एवढं रोप अजून शिल्लक होतं. तेवढ्यात बांधावर शेजारची रंभाबाई येऊन उभी राहिली. तिने भात लावणं कधीच सोडलं होतं.

"गोजरा, रोप उरंल का गं?"

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "लई हाय," ती म्हणाली. "उतर आधी हितं."