चिरंजीवांचे पॉइंट

हॉटेलात जेवण होऊन बिल आलं, की सगळ्यांच्या आधी चिरंजीवांचा हात पुढे व्हायचा. ही सवय त्यांच्या आईला, म्हणजे मालकीणबाईंना, अजिबात पसंत नव्हती. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, काय दिलदार मुलगा आहे! पाहुणे "अहो, राहू द्या, राहू द्या" करत अर्धे उठायचे. चिरंजीव हसत कार्ड द्यायचे, पावती घडी घालून खिशात ठेवायचे आणि मोबाइलवर भागाकार करून म्हणायचे, "प्रत्येकी एवढे झाले. सुटे नसले तरी चालेल, माझ्याकडे आहेत." एकदा तर सुनेच्या माहेरच्या माणसांकडून त्यांनी असे पैसे गोळा केले. विहीणबाई पर्समधली चिल्लर मोजायला लागल्या तेव्हा मालकीणबाईंनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो रिकामा झाला तरी खाली ठेवला नाही.

"पैसे घ्यायचेच होते, तर आधी पुढे पुढे कशाला केलंस रे?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"पॉइंट, आई. नऊ माणसांचं जेवण. तिप्पट पॉइंट."

शेजारच्या शिक्षिकाबाईंना फ्रिज घ्यायचा होता, तर चिरंजीव त्यांच्याबरोबर दुकानात गेले, फ्रिज आपल्या कार्डावर घेतला आणि त्यांची रोख रक्कम खिशात घालून आले. शिक्षिकाबाई अजून सगळ्यांना सांगतात, काय मदतीला धावणारा मुलगा. दातांच्या दवाखान्यात त्यांनी पुढच्या पेशंटला विचारलं होतं, तुम्ही कॅश देणार का? त्या बिचाऱ्याच्या तोंडात कापूस होता, म्हणून तो वाचला.

एक मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बिल महिन्याच्या महिन्याला पुरतं भरलं जायचं. बँकेला व्याजाचा एक छदाम त्यांनी कधी मिळू दिला नाही. आणि हा गुण आला कुठून, हे मालकीणबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचा कारखाना त्या एकट्या चालवत होत्या. शाळा दुसरीपर्यंत. अक्षर वाचायला वेळ लागायचा, पण कापडाचा तागा नुसता हातात धरून त्या सांगायच्या की यात तीन खुर्च्या बसतात आणि एका उशीचा तुकडा उरतो. तो तुकडा त्या उरवायच्याच. तेव्हा मुलगा जमवाजमव करतो, याचं त्यांना दुःख नव्हतं. चारचौघांत करतो, याचं होतं.

कारखान्याची सगळी खरेदीही त्याच कार्डावर व्हायची. कापड, रेक्झिन, पट्टे, खिळे आणि फोम. फोमचं तर गेल्या वर्षी फार झालं. बँकेने कुठल्याशा तिमाहीत जास्त पॉइंट देऊ केले, म्हणून चिरंजीवांनी दीड वर्षाचा फोम एकदम आणून टाकला. गठ्ठे छतापर्यंत गेले. शिवणयंत्रावरचा कारागीर आपल्या जागेवर आडवा होऊन जायचा. "मालकीणबाई," तो म्हणायचा, "आज आत आलो, उद्या बाहेर पडायला जमलं नाही तर घरी निरोप द्या."

एवढं सगळं कशासाठी, तर ताईसाठी.

ताई म्हणजे मालकीणबाईंची थोरली बहीण. ती लेकीकडे राहायची, समुद्रापलीकडे, अकरा तास विमानाने. दोघी बहिणी एकमेकींना भेटून नऊ वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी ताईच्या डोळ्यांचं दुखणं निघालं, तेव्हा चिरंजीवांनी जाहीर केलं होतं, "आई, मी तुला मावशीकडे घेऊन जातो. तेही ढकलाढकलीच्या खुर्चीत नाही. ज्यात पलंगासारखं झोपता येतं, त्या सीटवर. दोन सीट. फुकट."

मालकीणबाईंच्या गाठीला तिकिटाचे पैसे नव्हते, असं नाही. पण फुकट मिळणार म्हटल्यावर विकत घ्यायला त्यांचाही हात होईना. ही गोष्ट त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही. त्या थांबल्या.

चिरंजीवांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. बँकेच्या यादीतून मिक्सर घेतला तर पॉइंटला मातीचा भाव. साधं विमान तिकीट घेतलं तर त्याच पॉइंटला दुप्पट भाव. आणि झोपायच्या सीटचं घेतलं तर पाचपट, कारण त्या सीटचा रोख दर ऐकून माणसाला झोपच लागू नये. "म्हणून घाई करायची नाही," ते म्हणायचे. "घाई केली की बँक जिंकते."

मालकीणबाईंना हे पटलं होतं. अवघड गेलं ते थांबणं. झोपायच्या सीट पॉइंटवर क्वचित मोकळ्या व्हायच्या. झाल्या तर एकच व्हायची, आणि दोन झाल्या तर पॉइंट कमी पडायचे. चिरंजीव रोज सकाळी चहाबरोबर मोबाइलवर बघायचे. "आज नाही. पुढच्या महिन्यात नक्की."

एका रविवारी ताईचा व्हिडिओ फोन आला. भाचीने फोन तिच्यासमोर उभा करून दिला होता. मालकीणबाई पदर सारखा करून बरोबर समोर बसल्या.

"कुठे आहेस गं?" ताई म्हणाली.

"ही काय, समोरच आहे."

"समोर बसू नकोस, बाई. मधलं सगळं पुसलं गेलंय माझं. कडेला सरक. अजून. हं, आता कान दिसला. जाड झालीस की काय?"

"कानावरून कळलं?"

"कान काय सुटतो होय? मी आपलं विचारलं." "डॉक्टर म्हणतात, थंडीपर्यंत कडांचंही जाईल. येणार असलीस तर आता ये. मागून आलीस तर तू आहेस की भाचीने दुसरीच कुणी आणून बसवली, मला काय कळणार?"

"आवाजावरून कळेल."

"आवाज तर फोनवरही येतो गं."

फोन ठेवल्यावर मालकीणबाई उठल्या आणि एका जुन्या खुर्चीचं कापड सोडवायला बसल्या. ते काम खरं तर कारागिराचं होतं. त्या दिवशी त्यांनी चार खुर्च्या सोडवल्या.

त्यांनी चिरंजीवांना सांगितलं. चिरंजीवांनी मोबाइल काढला, बराच वेळ बोट फिरवलं. "पुढच्या महिन्यात बोनस येणार आहे, आई," ते म्हणाले. "तेवढा आला की बघ."

त्यानंतर आठवड्याने, सत्तावीस तारखेला, टपालाने बँकेचं पत्र आलं. चिरंजीव एका सिनेमागृहाच्या खुर्च्यांची मापं घ्यायला गेले होते. पाकिटावर मालकीणबाईंचं नाव होतं. स्वतःचं नाव तेवढं त्यांना झटकन वाचता यायचं. त्यांनी सुनेला बोलावलं. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांचं अक्षर वाचणारीला बँकेचं छापील काय अवघड!

"काय म्हणतायत?"

"एक तारखेपासून तिकिटाला दीडपट पॉइंट लागतील म्हणतात, आई. आत्ता साध्या सीटचे जाऊन-येऊन अठ्ठ्याऐंशी हजार लागतात. मग एक लाख बत्तीस."

"आणि झोपायच्या?"

"मग एकाचे दोन लाख सत्तर."

"आपले किती आहेत?"

सुनेने पत्राचं दुसरं पान उलटलं. "एक लाख ब्याण्णव."

मालकीणबाईंनी डोळे मिटून मनात आकडा बसवला, जसा त्या कापड बसवायच्या. "म्हणजे आज दोन माणसं बसून जातात. चार दिवसांनी एकच जाईल. आणि आडवं तर कुणीच जात नाही."

"हो, आई."

"एका माणसाचे अठ्ठ्याऐंशी हजार कधी जमले होते?"

सून पदराशी चाळा करत राहिली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. "दोन वर्षं झाली असतील. मावशींचं दुखणं निघालं तेव्हाच एक लाखाच्या वर होते."

मालकीणबाईंनी कातर उचलून खुंटीला लावली. मग म्हणाल्या, "हे पत्र माझ्या नावाने का आलं?"

"कार्ड तुमच्याच नावावर आहे. कारखाना तुमचा ना. ह्यांचं नुसतं जोडकार्ड आहे. सात वर्षांपूर्वी तुम्ही सही केली होती."

"त्या वेळी तर म्हणाला, विजेच्या मीटरचे कागद आहेत."

"ते पण होते त्यात."

"लाव फोन बँकेला," मालकीणबाई म्हणाल्या.

फोनवरची मुलगी गोड आवाजाची होती. तिने जन्मतारीख विचारली, कार्डाचे आकडे विचारले, आईचं नाव विचारलं. आईचं नाव मालकीणबाईंनी कितीतरी वर्षांत तोंडाने घेतलं नव्हतं. त्या ते स्पष्ट, एकेक अक्षर सोडवून बोलल्या.

"दोन प्रवासी, साधा वर्ग, येत्या नऊ तारखेला. सीट आहेत, मॅडम. पॉइंट एकदा वापरले की परत जमा होत नाहीत. चालेल?"

"अगं, परत मागतंय कोण!"

"करांची रक्कम वेगळी भरावी लागेल."

"भरते. पुढे बोल."

"तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय. सहा आकडे. सांगाल?"

सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं. नोंदवलेला मोबाइल सिनेमागृहात मापं घेत होता.

अर्ध्या मिनिटात सुनेच्या फोनला दुसरी घंटा वाजली. तिने बँकेच्या मुलीला थांबायला सांगून चिरंजीवांना घेतलं.

"कार्डाला हात कुणी लावला? मला ओटीपी आलाय! कुणीतरी आपले पॉइंट चोरतंय!"

"चोर इथे कापायच्या टेबलापाशी बसलाय," मालकीणबाई म्हणाल्या. "आकडे सांग."

"आई? तू? काय घेतेयस तू?"

"दोन तिकिटं. ताईकडे. साधी."

"साधी?" चिरंजीवांचा आवाज रिकाम्या सिनेमागृहात घुमला. "आई, वेडी झालीस का? पार मातीमोल होतील. सात वर्षांचे पॉइंट आहेत ते. मी एकेक करून जमवलेत!"

"चार दिवसांनी दीडपट लागणार, ते माहीत होतं तुला?"

तिकडून नुसता मापाची पट्टी सर्रकन गुंडाळल्याचा आवाज आला.

"माहीत होतं. आणि मला बोनस येईल म्हणून सांगितलंस."

"येईलही. मागे आला होता. जरा थांबलीस तर मी तुला झोपवून नेईन, शब्द देतो."

"मला झोपवून न्यायला तुला पॉइंट लागणार नाहीत, बाळा. चार माणसं पुरतील. त्याची वेळ येईल तेव्हा येईल. आत्ता मी बसून जातेय."

"आई, असं बोलू नकोस."

"मग आकडे बोल."

"माझा हिशोब सगळा बसला होता गं," चिरंजीव म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. "फक्त दोन सीट आणि तेवढे पॉइंट एकदम जुळत नव्हते. मला तुला चांगलंच न्यायचं होतं."

"ते मला कळतं."

"अकरा तास बसायचं, आई. तुझे गुडघे."

"गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघते. डोळे ताईचे आहेत, ते कुणालाच बघता येत नाहीत."

तिकडे कुणीतरी खुर्ची पाडली. बँकेची मुलगी दुसऱ्या लाइनवर "मॅडम, आहात का?" म्हणत होती. पहिल्या ओटीपीची मुदत तोवर संपून गेली होती. मुलीने दुसरा पाठवला. चिरंजीवांच्या फोनमधून बारीक टिंग ऐकू आलं. कारागिराने यंत्र थांबवलं होतं आणि फोमच्या गठ्ठ्यांमागून तोही ऐकत होता. त्याने ते लपवलं नाही.

चिरंजीवांनी सहा आकडे सांगितले. एकेक, सावकाश, जणू प्रत्येकाची पावती हवी होती. सुनेने ते बँकेच्या मुलीला पोचवले. करांचे पैसे गेले, तिकिटं आली, गोड आवाजाच्या मुलीने शुभेच्छा दिल्या आणि आणखी काही मदत हवी का ते विचारलं.

"सोळा हजार उरले ना? राहू देत," मालकीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी चिरंजीव घरी आले. मापाची पट्टी टेबलावर टाकून बसले. सुनेने पाणी दिलं, ते तसंच राहिलं. ते म्हणाले, "एका पॉइंटला निम्मासुद्धा भाव नाही मिळाला. दुसरं तिकीट कुणाच्या नावाने काढलंस?"

मालकीणबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या," त्या म्हणाल्या. "हिशोब तुझा चुकला नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. तू लबाडही नाहीस. असतास तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. पण दोन वर्षांपूर्वी गेले असते तर ताईला मी पुरी दिसले असते, आणि आता कडेनं दिसणार आहे. तेवढं नुकसान तू केलंस. आजपासून दोन्ही कार्डं माझ्या पाकिटात राहतील. तुला लागलं तर माझ्याकडे मागायचं. आणि नऊ तारखेला तू माझ्या शेजारी बसून यायचंस, तिच्यासमोर बसायचंस, आणि आईला इतका उशीर का झाला, ते मावशीला तू तुझ्या तोंडाने सांगायचंस. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."