मी, मतदानाचा आडोसा

मित्रांनो, या देशातल्या लोकशाहीचा सगळा भार माझ्या खांद्यावर आहे. मी एक जुना पुठ्ठा आहे. मला खांदे नाहीत, आणि कोणी टेकलं तर मी पडतो.

कारखान्यातली माझी भावंडं फ्रिजची खोकी झाली. मला मात्र तीन बाजूंनी दुमडलं, अंगावर ‘मतदान कक्ष’ असं छापलं आणि कसबा पेठेतल्या एका शाळेत बाकावर उभं केलं. माझ्या पोटात मतदानाचं यंत्र. मतदार ओळखपत्र दाखवतो, सही करतो, डाव्या हाताच्या बोटाला शाई लावून घेतो आणि माझ्याकडे येतो. बाहेर गेल्यावर सगळे फोटो काढतात तो बोटाचा. माझा अजून कोणी काढलेला नाही.

मागच्या निवडणुकीला अख्तरबानू आल्या होत्या. मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे मुलगा मकसूद सोबतीला. बटण त्यानंच दाबलं.

“कोणतं दाबलंस रे?”

“बरोबर तेच, अम्मी.”

ते उत्तर त्यांना पटलं नव्हतं, हे मी जवळून पाहिलं.

यंदा त्या ऑपरेशन करून, नवा चष्मा लावून आल्या. मकसूद सवयीनं मागोमाग. केंद्राध्यक्ष शेफालीबाईंनी मान वर केली.

“आपण कुठं निघालात?”

“अम्मीला एकटीला जमणार नाही.”

“त्यांना दिसतंय. आपल्यालाच माझी खुर्ची दिसली नाही बहुतेक. थांबा तिथंच.”

अख्तरबानू एकट्या माझ्या आडोशाला आल्या. नातवाच्या मोबाईलची सवय. त्यांनी चिन्हाच्या चित्रावरच बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, जरा रागानं. तरीही नाही.

रांगेतून आवाज आला, “आजी, मुक्कामाला आलात का?”

“येऊ का, अम्मी?” मकसूदनं पाऊल उचललंच होतं. तो आला असता, तर पुन्हा ‘बरोबर तेच’ झालं असतं.

“खबरदार!” अख्तरबानू म्हणाल्या. “बाई, चित्र दाबतेय, पण काही होत नाही.”

शेफालीबाईंनी खुर्चीतूनच सांगितलं, “आजी, चित्र नाही. त्याच्या शेजारचं निळं बटण.”

दाबलं. लाल दिवा लागला. बाजूच्या काचेमागं चिठ्ठी आली. अख्तरबानूंनी चष्मा नाकावर घट्ट केला आणि ती खाली पडेपर्यंत वाचली. मग लांबलचक ‘बीप’ वाजला.

“चिठ्ठी घरी न्यायला मिळते?”

“नाही. इथं तीच एक शिस्तीत आत राहते.”

दारात मकसूदनं हळूच विचारलं, “कुणाला दिलंस?”

“बरोबर त्यालाच,” अख्तरबानू म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

कुणाला, ते मी पाहिलं. सांगणार नाही. मला तेवढं एकच काम येतं.

मित्रांनो, अठरा वर्षांचे झालात की या. एकटेच आत या, आणि माझ्या अंगावर पेनानं नावं कोरू नका. मी पुठ्ठा असलो, तरी आतल्या माणसाला भिंतीसारखा वाटतो.

सध्या मी गोदामात एका कपाटाच्या पायाखाली आहे. कपाट आता डुगडुगत नाही.