पोचेमास्तरांचा शेरा

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या. गाडी कुठे आपटली, कधी आपटली आणि मालक किती थापा मारतोय, हे त्यांना पत्र्यावरून हात फिरवला की कळायचं. गॅरेजवाले पाठीमागे त्यांना पोचेमास्तर म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. घरीही तेच. नवा फ्रिज आणला तर ह्यांना आधी त्याच्यावरचा ओरखडा दिसणार, फ्रिज मागाहून.

अशा माणसाला घेऊन मी मुलाकडे परदेशी गेले. तिसऱ्याच दिवशी मुलगा म्हणाला, "रविवारी आमच्या साहेबांनी आपल्याला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला बोलावलंय." साहेबांची सत्तर वर्षांची गाडी 'जशीच्या तशी' या गटात उतरणार होती. कारखान्यातून निघाल्यापासून एकही पत्रा बदललेला किंवा दुरुस्त केलेला नसावा, एवढाच त्या गटाचा नियम. मुलाची नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की करायची की त्याला घरी पाठवायचं, हे साहेब त्याच महिन्यात ठरवणार होते.

मी ह्यांना बाजूला घेतलं. "अहो, तिथे तोंड आवरा. काहीही दिसलं तरी छान म्हणायचं. माझी शपथ आहे."

"आणि नसली छान तर?"

"तरी छान."

हिरवळीवर शंभरेक गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा ट्रकवर चढवून आणलेल्या, कारण चालवल्या तर खराब होतील ना! मालक मऊ फडकी घेऊन त्यांना गोंजारत होते. एक गृहस्थ गाडीला ऊन लागतं म्हणून तिच्यावर छत्री धरून उभे होते, आणि त्यांची बायको बाजूला उन्हात घाम पुसत होती. आमच्या गल्लीत यातली एखादी चार दिवस उभी राहिली असती, तर शेजाऱ्यांनी भंगारवाल्याला बोलावलं असतं.

हे हात पाठीमागे बांधून मुकाट चालत होते. मला बरं वाटलं. तेवढ्यात आम्ही साहेबांच्या गाडीपाशी पोचलो आणि पाठोपाठ दोन परीक्षक आले. साहेबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हे माझे पाहुणे. चाळीस वर्षं गाड्यांमधली खोट शोधलीय, एकीलाही सोडलेलं नाही."

"मग तुमचं मत ऐकायलाच हवं," थोरला परीक्षक म्हणाला. "हात लावून बघा."

माझा जीव टांगणीला लागला. हे गाडीभोवती एक चक्कर मारून उजव्या दारापाशी वाकले. बोटाने टकटक केलं. मग वीतभर खाली पुन्हा टकटक. वर खणखणीत वाजलं, खाली बद्द. एवढ्या वर्षांच्या संसारात बद्द म्हणजे काय, हे मलाही कळायला लागलंय.

हे उठले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा बुटांकडे बघत होता.

"छान आहे," हे म्हणाले. "जशीच्या तशी."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. साहेबांना पहिलं बक्षीस मिळालं. त्यांनी सगळ्यांसमक्ष मुलाला मिठी मारली आणि उद्या ऑफिसात येऊन पक्क्या नोकरीचं पत्र घेऊन जा म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला आनंदाने रडू आलं.

परत येताना मुलगा गाडी चालवत गुणगुणत होता. हे त्याच्या शेजारी बसले होते, मी मागे.

"उजव्या दाराला पुट्टी भरलीय," हे म्हणाले. "बोटभर जाड."

"माहितेय, बाबा. मागच्या महिन्यात साहेबांनी फाटकाला घासली. मीच नेली होती दुरुस्तीला."

"मग मला कशाला पुढे केलंत?"

"परीक्षकांना आधीच्या पाहणीत शंका आली होती. मी साहेबांना म्हटलं, माझे बाबा जन्मात खोटं बोललेले नाहीत. ते एकदा छान म्हणाले, की पुढे कोण तपासतंय!"

"आणि मी खरं बोललो असतो तर?"

मुलगा हसला. "आई होती ना. ती बरोबर गप्प करणार, हे ठाऊक होतं मला."

ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत गावातल्या एकाही लबाडाला जे जमलं नव्हतं, ते आम्ही मायलेकांनी एका रविवारात करून दाखवलं होतं.